दोन गोणी, एक मुलगा

बाबल,

सायलीचा फोन आला तेव्हा मी तुझीच गोष्ट लिहीत होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण मागाहून सांगायचं धैर्य मला होईल की नाही याचा मला भरवसा नाही. माझ्या भरवशाबद्दल तुला वेगळं सांगायला नको.

अधिवेशन चालू होतं. विद्यापीठांच्या शुल्कवाढीला गेल्या वर्षी मिळालेली स्थगिती उठवायचं घाटत होतं, आणि दुसऱ्या दिवशी विधानसभेत त्यावर पुन्हा चर्चा लागली होती. साहेब, म्हणजे ज्या आमदारांचा पीए म्हणून मी केस पिकवले ते, जाता जाता म्हणाले, "दिगंबरराव, ती काजूवाली गोष्ट परत घाला. गेल्या खेपेला सगळं सभागृह गप्प झालं होतं." मी मान डोलावली. वाक्यं हाताला पाठच होती. 'अध्यक्ष महोदय, माझ्या मतदारसंघात एक मुलगा होता' इथपर्यंत आलो आणि फोन वाजला.

"दिगूकाका, बाबांका सुपारीच्या बागेतच छातीत दुखाक लागला. गाडी येयसर सगळा संपला."

तुझी मुलगी रडत नव्हती. मीही रडलो नाही. कागद पालथा घातला, साहेबांना निरोप ठेवला आणि निघालो. मी पोचलो तेव्हा तुला नेऊन लोक परतही आले होते. अंगणात ओल्या धोतरांची रांग होती. वहिनी म्हणाल्या, "तुमच्यासाठी थांबलाव असतो, पण उन्हाचा ठेवूक नको म्हणाले." मी म्हटलं, बरोबर केलात. खरं सांगू? वाटेत कणकवलीला चहासाठी मी विनाकारण अर्धा तास काढला होता. तुझं तोंड बघायची माझी हिंमत नव्हती.

आपण दोघं ज्या दुपारीबद्दल एकमेकांशी कधी धड बोललो नाही, ती दुपार आज लिहायची आहे.

मे महिना सरत आला होता. बारावीचा निकाल लागायचा होता आणि आपल्या दोघांचंही ठरलेलं होतं की कॉलेजात जायचं. तुझ्या घरी हो म्हणत होते पण हात वर करत होते. माझ्या घरी तर विचारायचीही सोय नव्हती. गावातले मोठे बागायतदार तात्या, त्यांच्या बागेतल्या मांगरात, त्या कोठारवजा झोपडीत, वर्षाची काजू बी भरून ठेवलेली असे, आणि जेवणं झाली की गडी-माणसं मांगराच्या सावलीला पाठ टेकत. ती वेळ हेरली मी. हो, मी. मांगराची मागची कूड, काट्याकुट्यांची भिंत, मोडकी आहे हेही मीच बघून ठेवलं होतं. तू नुसता म्हणालास, "दिगू, मेल्या, पकडलो गेलाव तर?" आणि मी म्हणालो, "दोगव असलाव तर कसली भीती?"

दोन गोणी. एक तुझ्या डोक्यावर, एक माझ्या. ओहोळातून, करवंदीच्या जाळीतून, घामाने आंधळे होत आपण वरच्या सड्यापर्यंत, मोकळ्या कातळावर, आणल्या आणि दुसऱ्या सकाळी एसटीच्या टपावर चढवल्या. बाजारात संशय नको म्हणून वेगवेगळ्या दुकानांत गेलो. माझी गोणी आधी खपली. पैसे खिशात घालून मी रस्ता ओलांडत होतो तेव्हा समोरच्या दुकानापुढे तात्यांच्या गड्याने तुझी मानगूट धरलेली मला दिसली. तू मला बघितलंस. आपली नजरानजर झाली, बाबल. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की गर्दीत तुझं लक्ष नव्हतं. पण होतं. तू मान दुसरीकडे वळवलीस, अगदी मुद्दाम, म्हणजे गड्याचीही नजर त्या बाजूला जावी. आणि मी स्टँडवर उभ्या असलेल्या पहिल्या गाडीत जाऊन बसलो. ती देवगडला जाणारी होती. मला देवगडला काहीही काम नव्हतं.

पोलिसांनी विचारलं, दुसरी गोणी कुठे आहे? तू सांगितलंस, विकली आणि पैसे उडवले. बरोबर कोण होतं? "मी एकटोच होतंय." त्या एकटेपणावर तुझ्या नावाने गुन्हा नोंदला गेला. कॉलेजने वर्तणुकीचा दाखला मागितला, तो तुला कोण देणार? तू सुपारीवर चढायला शिकलास. मी त्या पैशात प्रवेश घेतला, पदवीधर झालो, मराठी बरं म्हणून साहेबांकडे चिकटलो, आणि भाषणं लिहू लागलो.

तुझे वडील वारले तेव्हा देवळात प्रश्न उभा राहिला. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान तुमच्या घराण्याचा, पण ज्याच्यावर चोरीचा डाग आहे त्याने गावाच्या वतीने देवाशी बोलावं का? वाद वाढला तसा कौल लावायचं ठरलं. मी रजेवर आलो होतो. खांबाला टेकून बघत होतो. गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना पाकळ्या चिकटवल्या आणि गावाकडे वळून विचारलं, "कोणाचा काय सांगणा आसा तर आत्ताच सांगा." देऊळ गच्च भरलेलं होतं आणि चिडीचूप होतं. बोलायची तीच वेळ होती. मी खाली फरशीकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने उजवीकडची पाकळी पडली. देवाने होकार दिला, गावाने तुला मोकळं केलं. मला केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! आणि ते हलकं वाटणं तुझ्यासाठी नव्हतं.

त्यानंतर दर गुढीपाडव्याला मी यायचो. तुझा आवाज तसा चिरका, पण गाऱ्हाण्याला उभा राहिलास की नाभीतून निघायचा. "बा म्हाराजा, ही तुझी लेकरा आज तुझ्या पायाकडे जमली आसत. आमच्या हातसून, आमच्या तोंडातसून जा काय चुकला असात ता पोटात घाल आणि सगळ्यांका सांभाळून घे." आणि सगळा गाव, "व्हय म्हाराजा!" त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा असायचा. तू एकदा हसून म्हणाला होतास, "दिगू, तू मुंबैत रवान पण घसो बरो ठेवलंस."

आता गेल्या वर्षीचं. त्यातलं काही झाकून ठेवत नाही.

शुल्कवाढीवरची ती पहिली चर्चा होती. समोरच्या बाकावरचे एक सदस्य तावातावाने म्हणाले की मोर्चांमध्ये दगड मारणारी पोरं विद्यापीठातलीच असतात, त्यांना सवलती कशाला, त्यापेक्षा पोलिसांना गाड्या द्या, तुरुंग वाढवा. साहेबांनी मला चिठ्ठी पाठवली, 'याला उत्तर हवं. जिवंत उदाहरण द्या.' माझ्याकडे अर्धा तास होता आणि जिवंत उदाहरण एकच होतं. लिहिलं, 'अध्यक्ष महोदय, माझ्या मतदारसंघात, धामापूरच्या तलावापासून हाकेच्या अंतरावर, एक मुलगा होता. हुशार होता. प्रवेशाचं शुल्क भरायला पैसे नव्हते, म्हणून त्याने काजूच्या दोन गोणी चोरल्या. तो पकडला गेला आणि त्याचं शिक्षण तिथेच संपलं. महोदय, तुम्ही कॉलेजचं दार बंद करता तेव्हा तुरुंगाचं उघडता.' शेवटचं वाक्य लिहिल्यावर मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. हे कबूल करताना आज लाज वाटते, पण वाटलं होतं.

साहेब बोललेही फार छान. बाकं वाजली. वर्तमानपत्रांत चौकटी आल्या. आठवड्याभरात स्थगिती मिळाली आणि हजारो पोरांचं शुल्क होतं तेवढंच राहिलं. त्यात सायलीचंही. तिच्या मैत्रिणीने तिला ती क्लिप पाठवली, 'बघ, तुमच्याकडची गोष्ट.' सुट्टीत घरी येऊन तिने तुला विचारलं, आणि तू तिला सांगितलंस, "तो मीच गो. एकटोच होतंय." हे मला वहिनींनी सांगितलं. म्हणजे देवाने कौल देऊन मिटवलेली गोष्ट मी अर्ध्या तासात उकरली, आणि उकरलेली तू परत माझ्यासाठी अर्धी झाकलीस.

तुझा फोन आला होता. "दिगू, तुझो साहेब बरो बोललो. दोन गोणी म्हणालो, ता बरोबर म्हणालो." तुझ्या आवाजात काही नव्हतं, ना राग, ना टोमणा. मग म्हणालास, "मेल्या, ता कामकाजातून काढूक येता काय? चेडवाचा, आमच्या सायलीचा, लगीन ठरवचा आसा उद्या-परवा. कागदार नको होता."

आणि मी काय केलं? तुझ्याशी जन्मात मालवणीशिवाय बोललो नव्हतो, तो मी तुला शुद्ध मराठीत ऐकवलं, "असं आहे बाबल, सभागृहात उच्चारलेला शब्द नोंदीवर जातो. असंसदीय असेल तरच अध्यक्ष तो काढायला सांगतात. यात असंसदीय काही नाही. शिवाय नाव कुठे घेतलंय?" टेबलापलीकडच्या माणसाशी बोलावं तसा बोललो. तू म्हणालास, "बरा." एवढंच. नंतर मी कितीतरी वेळ फोन हातात धरून बसलो होतो आणि परत लावला नाही.

चतुर्थीला गावी आलो तेव्हा आपण तलावाच्या पायऱ्यांवर बसलो. तू सुपारी कातरत होतास. मी उगाच विषय काढला, स्थगिती मिळाली ते चांगलं झालं ना म्हणून. तू म्हणालास, "बरा झाला. पोरांचा बरा झाला. पण दिगू, फीच्या विरोधात बोलाचा तर बोला ना. चोरीची भीती कित्याक घालतात? पोरांका शिकाचा आसा म्हणान शिकवा. चोर होतली म्हणान नको."

"भीती घातल्याशिवाय तिजोरी उघडणा नाय, बाबल."

"मगे ती भीती गरिबाच्याच डोक्यार कित्याक? आमच्या वर्गात आमच्यापरास गरीब पोरा होती. कोळंबच्या पोराक तर चप्पल नाय होती. तेणी खंय चोरी केल्यान? चोरी आमी केलाव. गरिबीन नाय केल्यान."

आमी. इतक्या वर्षांत, देवळाबाहेर, तो शब्द तू एकदाच उच्चारलास. अडकित्ता थांबवून माझ्याकडे बघत होतास. तुला कबुलीजबाब नको होता, माफी नको होती. मी नुसतं "व्हय" म्हणायला हवं होतं. पाडव्याला देवळाचे पत्रे हलतील एवढ्याने ओरडणारा मी म्हणालो, "चाय घेवया?" आणि तू अडकित्ता मिटलास आणि उठलास. चहाचे पैसेही तूच दिलेस.

तो वाद तसाच राहिला. खरं तर तू जिंकलाच होतास, फक्त मी हरल्याचं सांगायचं राहिलं.

तुझ्या घरून परत मुंबईला गेलो. गोंधळात कामकाज तहकूब होऊन ती चर्चा आठवडाभर पुढे गेली होती, म्हणजे भाषण अजून व्हायचंच होतं. पालथा घातलेला कागद टेबलावर तसाच होता. मी तो फाडला आणि नव्याने लिहिलं, 'अध्यक्ष महोदय, दोन मुलं होती.' सगळं लिहिलं. कूड कोणी हेरली, एसटीत कोण बसलं, शुल्क कोणाचं भरलं गेलं. साहेबांनी उभ्याने वाचायला घेतलं आणि दुसऱ्या परिच्छेदाला खाली बसले.

"दुसरा कोण हो?"

"मी, साहेब."

माणूस वाईट नाही तो. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "दिगंबरराव, तुमचं नाव मी चोर म्हणून सभागृहात घेऊ शकत नाही. आणि नाव न घेता बोललो तर लोक शोधून काढतील."

"एकाला काढलंच ना शोधून," मी म्हटलं.

साहेबांनी सगळी गोष्ट काढून टाकली आणि सभागृहात आकडेवारीवर बोलले. तुझं एक वाक्य मात्र मी मध्ये ठेवलं होतं, मुलांना शिकायचं आहे म्हणून शिकवा, ती गुन्हेगार होतील या भीतीने नको. ते त्यांनी वाचलं. एकही बाक वाजला नाही. समोरचे सदस्य मोबाइल बघत होते. नोंदीत ते गेलं, साहेबांच्या नावावर. म्हणजे पुन्हा तुझंच घेतलं आणि पुन्हा तुझं नाव न घेता. सवय जात नाही बघ माझी. स्थगितीचं अजून अधांतरीच आहे.

सभागृहात जागा नाही म्हटल्यावर मला एकच जागा उरली. पाडव्याला आलो.

वाटभर काजूच्या बोंडूंचा वास येत होता. मांगर अजून आहे, फक्त कूड आता चिऱ्यांची केली आहे. देवळात तुझ्या जागी अनंता उभा होता, तुझा चुलतभाऊ. त्याचा आवाज चांगला आहे, तुझ्यापेक्षा सुरेल, पण त्याला वाक्यं आठवावी लागतात. वहिनी आल्या नव्हत्या. सायली आली होती, बायकांच्या बाजूला गोदाकाकीला धरून उभी होती. गोदाकाकी म्हणजे तात्यांची बायको. तात्या जाऊन बरीच वर्षं झाली, त्या अजून काठी टेकत येतात.

ज्याचं जे सांगणं असेल ते गाऱ्हाणं घालणाऱ्याच्या कानात सांगावं आणि त्याने ते मोठ्याने देवापुढे मांडावं, ही आपली रीत. मी अनंताच्या कानाशी गेलो. त्याने ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला. "दिगूभाऊ, ह्या माका नाय सांगूक जावचा. बाबलदादान आयुष्यभर सांगूक नाय ता मी सांगू?"

मग मीच पुढे झालो. माझा तो मान नाही, मला ते शब्द येत नाहीत, आणि इतकी वर्षं दुसऱ्याच्या तोंडी भाषणं घालणारा मी स्वतःच्या तोंडाने चार माणसांत बोललेलो नाही. "बा म्हाराजा," मी म्हटलं, "तात्यांच्या मांगरातली बी चोरल्यानी ते दोगे होते. बाबल एकटो नाय होतो. दुसरो मी होतंय. मांगर मी हेरलंय, आणि तेका सोडून पळान पण मीच गेलंय. त्या पैशान माझा शिक्षण झाला. ह्या देवळात बाबलाचो कौल लागलो तेवा मी थय खांबाकडे होतंय आणि गप रवलंय. माझो कौल अजून लागाक नाय, म्हाराजा."

देऊळ गप्प. असा गप्पपणा मी सभागृहात पैदा करत आलो होतो, बाबल. त्यात स्वतः उभं राहायला काय लागतं ते मला ठाऊक नव्हतं.

मग बायकांच्या बाजूने काठी वाजली. गोदाकाकी होत्या.

"मेल्या, दोन गोणी एकट्या पोरान डोक्यार घालून न्हेल्यान, असा आमी मानलाव असा वाटला तुका? सबंद गावाक ठावक होता. तुझो साहेब थय मुंबैत दोन गोणी, एक पोरगो म्हणान सांगी होतो, तेवा आमी हय टीव्हीसमोर हसलाव. बाबलाकच विचारलंय मी एकदा. तो म्हणालो, काकी, दिगू सांगात तेवा सांगात." त्या थांबल्या, दम घेतला, आणि त्या म्हाताऱ्या, फाटक्या आवाजात देवाकडे तोंड करून म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."

मग अनंता म्हणाला. मग पुरुषांची बाजू, मग सगळा गाव, पत्रे हलतील असा, "व्हय म्हाराजा!"

म्हणजे तू वाट बघत होतास. पायऱ्यांवर अडकित्ता थांबवलास तेव्हाही वाट बघत होतास, आणि मी तुला चहा विचारला.

गाव त्या एका शब्दाने मोकळा झाला आणि प्रसादाकडे वळला. लोक माझ्या पाठीवर हात ठेवून जात होते. कोणीतरी म्हणालं, बरा केलंस. मी मात्र त्या सगळ्या आवाजात एकच आवाज शोधत होतो आणि तो मला सापडला नव्हता. मी बायकांच्या बाजूला बघितलं. गोदाकाकींचा हात धरून सायली देवाकडे बघत उभी होती, आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.